आधी फेरफार, मग सातबारा

एका ओळीची फाइल तयार करून सेव्ह करा. आपल्या लेखी एकच काम झालं. डिस्कवर मात्र पाच-सहा ठिकाणी हात लागलेला असतो. कुठले आयनोड, म्हणजे फाइलींची माहिती ठेवणारे खण, वापरात आहेत हे सांगणाऱ्या बिटमॅपमध्ये एक बिट बदलतो, मग तो आयनोड भरला जातो. मोकळ्या जागेच्या बिटमॅपमध्ये आणखी एक बिट, फोल्डरच्या यादीत नाव, फोल्डरवरची बदलाची वेळ आणि हो, ती आपली ओळ. हे सगळं वेगवेगळ्या ब्लॉकमध्ये, आणि मध्येच वीज गेली तर त्यातलं किती लिहून झालं हे कोणी सांगावं?

मी सर्व्हर सांभाळते. फाइल सिस्टिमचं कसब मला दिसतं ते लिहिण्याच्या क्रमात. बर्कलीच्या मंडळींनी, म्हणजे मॅक्युसिक आणि सहकाऱ्यांनी, १९८४ साली मांडलेल्या फास्ट फाइल सिस्टिममध्ये हा क्रम कडक पाळला जायचा: आधी आयनोड डिस्कवर पोचू दे, मगच नाव लिही. फाइल पुसताना उलट, आधी नाव जाऊ दे, मग आयनोड मोकळा कर. मध्येच घात झाला तर फार तर एखादा आयनोड बेवारस पडून राहील, पण नाव एकाचं आणि मजकूर भलत्याचाच, असं होणार नाही. थोडी जागा वाया गेलेली चालेल, खोटी नोंद चालणार नाही. हा हिशेब मला फार आवडतो.

त्याची किंमत होती वेळ. मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणाऱ्या डिस्कची एक फेरी आठ मिलिसेकंदांहून थोडी जास्त. हजारो बारीक फाइली उलगडायच्या आणि प्रत्येकीसाठी डिस्कची वाट बघत बसायचं! लिनक्सच्या ईएक्सटी-२नं ही वाट बघणं सोडूनच दिलं. सगळं मेमरीत ठेवायचं, सवडीनं, जमेल त्या क्रमानं उतरवायचं, आणि बिघडलंच तर डिस्क तपासून दुरुस्त करणारं एफएसचेक आहेच. बर्कलीच्या परंपरेतल्या बीएसडीवाल्यांना हा आचरटपणा वाटायचा. वेग मात्र खरा होता.

एफएसचेक चालवलेल्यांना तो प्रश्न पाठ असतो: अमुक आयनोडला कुणी वाली नाही, ‘लॉस्ट अँड फाउंड’मध्ये टाकू का? हो म्हणत गेलं की त्या फोल्डरमध्ये फाइली जमा होतात, नावाच्या जागी नुसता आकडा. मजकूर शाबूत, नाव गेलेलं, कारण नाव आयनोडमध्ये राहतच नाही. ते फोल्डरच्या यादीत असतं. मग एकेक उघडून बघायचं, हा फोटो, ही कुणाची मेल.

गँगर आणि पॅट यांनी १९९४ मध्ये सॉफ्ट अपडेट्स मांडले: वाट न बघता, कोण कोणाच्या आधी जायला हवं एवढं मेमरीत लक्षात ठेवायचं. कल्पना देखणी, कोड भयंकर. मी लांबूनच नमस्कार करते.

बहुतेकांनी धरली ती जर्नलची वाट. २००१ मध्ये जर्नल असलेली ईएक्सटी-३ लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये आली. तलाठी आधी फेरफार लिहितो, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो, मग सातबाऱ्यावर अंमल होतो, जर्नलचं तसंच. होणारे सगळे बदल आधी जर्नलमध्ये, शेवटी सगळं लिहून झाल्याची, म्हणजे कमिटची, नोंद, मग मूळ जागी. मशीन पुन्हा सुरू झालं की कमिट असलेले फेरफार परत लावायचे, कमिट नसलेले सोडून द्यायचे. जिथे एफएसचेकला अर्धा-अर्धा तास लागायचा तिथे काही सेकंदांत काम उरकतं.

पण ही राखण नोंदवहीची आहे, तुमच्या मजकुराची नव्हे, आणि इथेच भले भले फसतात. ईएक्सटी-३ नेहमीच्या पद्धतीत कमिटच्या आधी मजकूरही डिस्कवर ढकलायची, त्यामुळे प्रोग्राम लिहिणारे निर्धास्त झाले. ईएक्सटी-४ आली ती ब्लॉक उशिरा ठरवायची युक्ती घेऊन. ब्लॉकच ठरला नाही तर ढकलणार काय? २००९ मध्ये ओरड झाली: मशीन अचानक बंद पडलं आणि सेटिंगच्या फाइली शून्य बाइटच्या झाल्या. नाव आहे, आयनोड आहे, आत काही नाही. नोंदवहीच्या दृष्टीनं सगळं चोख! ईएक्सटी-४ सांभाळणाऱ्या टेड त्सो यांचं म्हणणं, प्रोग्रामनं एफसिंक करून मजकूर डिस्कवर पोचल्याची खात्री करायला हवी होती. नियमानं ते बरोबरच होते. तरी कर्नलमध्ये नेहमीच्या चुका सांभाळून घेणारी तरतूद त्यांनी केलीच. मला दोन्ही पटतं, दुसरं जरा जास्त.

आता रीत ठरलेली आहे. तात्पुरत्या नावानं अख्खी फाइल लिहायची, तिला एफसिंक करायचं, मग रिनेम करून खऱ्या नावावर आणायची. जुनी तरी पूर्ण मिळते किंवा नवी तरी. एवढं बहुतेक जण करतात. रिनेम झालं तरी नवं नाव फोल्डरच्या यादीत मेमरीतच असू शकतं, म्हणून त्या फोल्डरलाही एफसिंक लागतं. दुसऱ्यांचा कोड तपासायला आला की मी आधी हीच ओळ शोधते.