कुठलं पात्र कुठल्या फलाटावर

स्क्रिव्हनर या लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये नवं पात्र उघडलं की एक तयार तक्ता समोर येतो: कथेतली भूमिका, व्यवसाय, रंगरूप, स्वभाव, लकबी, पूर्वायुष्य, मनातला संघर्ष, बाहेरचा संघर्ष. तक्ता वाईट नाही. कीथ ब्लाउंट या इंग्रज गृहस्थांना स्वतःची कादंबरी लिहायची होती, मनाजोगतं साधन मिळेना, म्हणून त्यांनी हे सॉफ्टवेअर तयार केलं आणि २००७ साली बाजारात आणलं. पण त्या तक्त्यातल्या पात्राला एकच नाव असतं आणि ते जन्मभर टिकतं. माझ्या कादंबरीतली बाई माहेरी गंगू, तांदळाच्या ताटात लिहिलेल्या नावानं सरस्वती, दिरांची वहिनी, पुतण्यांची काकू आणि सगळ्या कॉलनीची फिटरवहिनी. नवरा तर तिला नावानं हाकच मारत नाही. ‘ऐकलंस का’ एवढ्यावर त्याचा संसार झाला. ही सगळी नावं कुठल्या रकान्यात बसवायची?

म्हणून माझ्या तक्त्यात रंगरूप नाहीच. तिचे डोळे घारे की काळे हे तीनशे पानांत कुणी विचारत नाही. त्या जागी मी ‘कोण काय म्हणतं’ असा रकाना घातला आहे. सासू तिला ‘अगं सुने’ म्हणते की ‘सरे’ म्हणते, आणि कुठल्या प्रकरणापासून म्हणते, यावरून घरातलं सगळं राजकारण कळतं.

नावांचा दुसरा त्रास शोधताना होतो. एखादं पात्र कुठे कुठे आलं ते पाहायला सॉफ्टवेअरमध्ये ‘पाटील’ टाकावं, तर ‘पाटलांनी’ आणि ‘पाटलाला’ हाती लागत नाहीत. नुसतं ‘पाट’ टाकावं, तर पाटलांबरोबर पाटल्या, पाट्या आणि जेवायचे पाटही हजर होतात. त्याहून छळवादी म्हणजे ‘सुऱ्या’सारखं टोपणनाव. त्यातला अर्धा र दोन वेगळ्या रीतींनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला मात्र ती दोन वेगळी माणसं वाटतात. यावर मी काढलेला तोडगा साधा आहे. मजकुरातल्या नावावर विसंबायचं नाही, प्रत्येक प्रसंगाला पात्रांची खूणचिठ्ठी आपल्या हातानं लावायची. ऑस्ट्रेलियातल्या सायमन हेन्स यांचं वायरायटर यासाठी बरं पडतं. हेन्स प्रोग्रॅमरही आहेत आणि कादंबरीकारही, आणि सॉफ्टवेअर मोफत आहे. प्रसंग कुणाच्या नजरेतून, तिथे कोण कोण हजर, जागा कोणती, वस्तू कोणत्या, हे ते प्रसंगागणिक नोंदवून घेतं. मला त्यातला ‘कोण हजर’ हाच रकाना सगळ्यांत मोलाचा वाटतो.

कादंबरी मनमाडच्या रेल्वे क्वार्टरांतल्या तीन पिढ्यांची आहे. फेब्रुवारी १९३८ मध्ये इथे जीआयपी रेल्वेच्या दलित कामगारांची परिषद भरली होती आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे अध्यक्ष होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, असं त्यांनी मांडलं ते इथेच. माझा फिटर, म्हणजे फिटरवहिनीचा नवरा, तेव्हा नऊ वर्षांचा, बापाचं बोट धरून मंडपात आलेला. मे १९७४ च्या देशव्यापी रेल्वे संपात तो पंचेचाळीस वर्षांचा असतो. हे गणित सॉफ्टवेअर चोख सांभाळतं. जन्मसाल दिलं की प्रत्येक प्रकरणात कुणाचं वय किती, ते दाखवणाऱ्या कालरेषा मिळतात. पण १९७४ साली मुंबईहून औरंगाबादला निघालेल्या माणसाला मनमाडला उतरून, सामान उचलून मीटरगेजच्या गाडीत बसावं लागे, हे ते सांगत नाही. पंचवटी एक्स्प्रेस १९७५ ची, म्हणून संपातलं कुणी तिनं मुंबईला जाऊ शकत नाही, हेही नाही. अशा नोंदींसाठी मी ‘गाव’ नावाचं पात्रच उघडलं आहे. त्याला वय आहे, सवयी आहेत, आणि नळाला पाणी येण्याचा दिवस आहे. त्या दिवशी घरातली बाई दुसरीकडे कुठे दाखवायची सोय नाही.

आराखड्यासाठी मात्र मी स्क्रिव्हनरचा कॉर्कबोर्ड सोडून रेल्वेकडे वळले. कंट्रोल ऑफिसात गाड्यांचा चार्ट असतो: आडवी वेळ, उभी स्टेशनं, आणि प्रत्येक गाडीची एक तिरपी रेघ. गाडी उभी राहिली की रेघ आडवी होते. दोन रेघा छेदतात तिथे क्रॉसिंग. पूर्वी कंट्रोलर तो पेन्सिलीनं काढत, आता संगणक काढतो. मी एक्सेलमध्ये तसाच काढला. वर महिने, बाजूला क्वार्टर, वर्कशॉप, स्टेशन, भुसावळ, नाशिकरोडचा तुरुंग. प्रत्येक पात्राला एक रंग. कोण कुणाला कुठे भेटू शकतं आणि कोण भेटूच शकत नाही, हे एका नजरेत दिसलं.

आणखी एक गोष्ट दिसली. पुरुषांच्या रेघा वरखाली धावत होत्या, बायकांच्या सरळ आडव्या. जणू तीनशे पानं त्या एका जागी उभ्याच. पण ८ ते २७ मे १९७४ चे ते दिवस आठवा. पुढारी संपाआधीच पकडलेले, कामगार भूमिगत, आणि अनेक ठिकाणी संपकऱ्यांच्या कुटुंबांना क्वार्टरबाहेर काढलं गेलं. क्वार्टर सोडायची नोटीस दारात कोण घेत होतं? चार्टावर न हललेली बाईच. तिला जे कळलं ते नवऱ्याला आठ दिवसांनी कळतं, सासूला कळूच दिलं जात नाही. माझी कादंबरी त्या आठ दिवसांत आहे.

मग दुसरा तक्ता केला: कुणाला काय ठाऊक, आणि केव्हापासून. मराठीत हे नवं नाही. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण आपापल्या तोंडून बोलतात. कर्णाचा जन्म कुंतीला ठाऊक, कृष्णाला ठाऊक, वाचकाला तर पुस्तक उघडण्याआधीपासून ठाऊक. ज्याला ठाऊक नाही तो बोलत असतो, म्हणून आपण वाचत राहतो. १९६७ ची ही कादंबरी. तिच्यामागे कुठलं सॉफ्टवेअर असणार? तरीही हा हिशेब कुणीतरी डोक्यात धरलेला आहे.

माझ्या डोक्यात तो मावत नाही, म्हणून यंत्र. आपल्याकडे जे प्रोग्रॅम लिहितात त्यांना विनंती आहे: माहेरचं नाव, सासरचं नाव, ‘कोण काय म्हणतं’ आणि ‘कुणाला काय ठाऊक’ एवढे रकाने असलेलं आणि ‘पाटील’ शोधल्यावर ‘पाटलांना’ही हजर करणारं एखादं साधन मराठीत करा. दाम मोजायची माझी तयारी आहे.