गहाळ

शाळेच्या ग्रंथालयात एप्रिल महिना साठा पडताळणीचा. दाखल नोंदवही पुढ्यात घेऊन मी क्रमांक वाचते, शिपाईमामा कपाटाशी उभे राहून ‘आहे’ म्हणतात आणि मी पेन्सिलीने खूण करते. ‘आहे’ आलं नाही तर शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द : गहाळ. नोकरीची पहिली अकरा वर्षं माझ्या वहीत हा शब्द औषधालाही नव्हता आणि मला त्याचा अभिमान होता. बोरीवलीतल्या मराठी शाळेतली माझी पुस्तकं इतकी जपलेली, की कुठलंही उघडलं तरी बांधणी कर्रकन वाजायची.

हा आवाज वाईट असतो हे कळायला एक भिजलेलं पुस्तक यावं लागलं.

आमच्याकडे काही मुलं गोराई गावातून येतात, खाडी बोटीने ओलांडून. त्यातली एक सहावीतली मुलगी. घरी ईस्ट इंडियन बोली, त्यामुळे पाठ्यपुस्तकातली मराठी तिला थोडी पाहुण्यांसारखी वाटायची. तिने भा. रा. भागवतांचं फास्टर फेणे नेलं आणि आठवड्याने परत आणलं ते फुगून दुप्पट झालेलं. जुलैचा पाऊस होता. दप्तर तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट बांधलं होतं, पुस्तक मात्र हातात उघडं होतं. नियमाप्रमाणे मी पावतीपुस्तक काढलं. ती म्हणाली, “बाई, पैसे उद्या आणते. पण याच्या पुढचं आज द्या ना.”

पावती मी फाडली नाही. हा काही मोठेपणा नव्हता. दंड कशाचा लावायचा, हेच मला सुचेना.

ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेसाठी रंगनाथनांची पाच सूत्रं मी घोकली होती. मद्रास विद्यापीठाच्या या ग्रंथपालाने १९३१ साली ती पुस्तकरूपाने मांडली. पहिलं सूत्र असं की ग्रंथ उपयोगासाठी आहेत. युरोपातल्या जुन्या ग्रंथालयांत पुस्तकं साखळीने बांधून ठेवत, हे त्यांनीच त्यात सांगितलंय. उत्तर लिहिताना मी त्या साखळ्यांना हसले होते. मग नोकरी लागली आणि कंबरेला किल्ल्यांचा जुडगा आला.

त्या भिजलेल्या पुस्तकानंतर कपाटांचं कुलूप निघालं, तरी हिशोब सुटत नव्हता. पुस्तक परत करताना मुलांनी एक तक्ता भरायचा, तो माझाच शोध. लेखक, आवडलेलं पात्र, आणि शेवटी ‘बोध’. एकाने रहस्यकथेपुढे लिहिलं, ‘चोरी करू नये’. पुढच्या आठवड्यात भुताच्या गोष्टीपुढेही तेच. तिसऱ्यांदा विनोदी पुस्तकापुढे ‘चोरी करू नये’ आलं तेव्हा मी त्याला विचारलं. तो म्हणाला, “बाई, हा कुठेही चालतो.” आधी मी बोधाचा रकाना काढला, वर्षभराने अख्खा तक्ता.

२०१५पासून १५ ऑक्टोबर, कलामांचा जन्मदिवस, आपण वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा करतो. त्या दिवसाशी माझं भांडण नाही, मुलं उत्साहात असतात. पण संध्याकाळी किती मुलांनी किती पुस्तकं वाचली याचा अहवाल, फोटोंसह, लिहायचा असतो तेव्हा मला तो रकाना आठवतो. फ्रान्समधले एक शिक्षक-लेखक, दानिएल पेनाक, यांनी १९९२ साली वाचकाचे दहा हक्क सांगितले. त्यातला पहिलाच, न वाचण्याचा. तो मला अजून पुरता पचलेला नाही, पगार वाचायला लावण्याचा घेते ना. पुस्तक अर्धवट सोडण्याचा हक्क मात्र आमच्याकडे आता सर्रास वापरला जातो.

माझ्या कामातली खरी कारागिरी कुठली म्हणाल, तर मोठ्याने वाचताना कुठे थांबायचं ती. सुरुवातीला मी आवाज बदलून, हातवारे करून वाचायचे. मुलं गोष्ट ऐकायची सोडून मलाच बघायची. आता सपाट, जरा सावकाश वाचते. खिडकीबाहेर बघणाऱ्याला हटकत नाही, त्याचा कान आतच असतो. माधुरी पुरंदऱ्यांनी संपादित केलेले ‘वाचू आनंदे’चे भाग या कामी फार उपयोगी, कारण त्यात मोठमोठ्या पुस्तकांतले उतारे आहेत. म्हणजे चव दाखवायची आणि ताट काढून घ्यायचं. मात्र मूळ पुस्तक त्याच क्षणी टेबलावर हवं. ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हटलं की गेलं. मुलांची भूक जेमतेम मधल्या सुट्टीपर्यंत टिकते. शिवाय प्रती दोन हव्यात. एकच असेल तर भांडण होतं, आणि तीन असतील तर गंमत जाते.

वाचनाचा तास टिकवणं हे वेगळंच राजकारण. कोणी शिक्षक रजेवर गेले की हाच तास बदलीला जायचा, आणि फेब्रुवारीपासून राहिलेला पोर्शन त्याला गिळायचा. आठवड्यातला एक तरी हलवायचा नाही, एवढं मी पदरात पाडून घेतलं. त्या तासाला शिक्षकांनी लक्ष ठेवायचं नाही, स्वतः वाचायचं, अशी विनंतीही केली. बहुतेक जण वह्या तपासतात. गणिताचे सर मात्र घरून अर्नाळकर आणायला लागले. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यातल्या जीर्ण आवृत्त्या सरांच्या वडिलांनी जमवलेल्या. एकदा घंटा झाली तरी सर उठेनात. त्या आठवड्यात नववीच्या सात मुलांनी माझ्याकडे अर्नाळकर मागितले. माझ्या सगळ्या युक्त्या एकीकडे आणि तो न उठलेला माणूस एकीकडे.

वहीत न मावणारं वाचनही आहेच. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक आता मोबाइलवर फुकट वाचता येतात. आठवीतला एक मुलगा आईचा फोन रात्री दहानंतर मोकळा होतो तेव्हा ते वाचतो. त्याच्या नावावर माझ्याकडे वर्षभरात फक्त दोन पुस्तकं.

यंदाच्या पडताळणीत एकतीस गहाळ निघाली. त्यांच्या निर्लेखनाचा प्रस्ताव लिहिताना प्रत्येकासाठी कारण द्यावं लागतं, आणि ‘कोणाला तरी फार आवडलं’ हे कारण छापील नमुन्यात नाही. ते फुगलेलं फास्टर फेणे खरं तर केव्हाच बाद करायचं. पण मुलं नव्या प्रतीआधी तेच उचलायची, जपावं लागत नाही म्हणून असेल. मी त्याचा क्रमांक वाचला. मामा खालच्या फळीपर्यंत वाकले, मागे हात घालून पाहिलं, दुसरं कपाट उघडलं.

“नाही बाई.”

“परत बघा बरं एकदा,” मी म्हटलं, आणि पेन्सिल शेऱ्याच्या रकान्यावर नेली.