दोन दारांचं स्टेशन

मँचेस्टरच्या लिव्हरपूल रोडवरून चालताना हे स्टेशन सहज नजरेतून सुटतं. ना घुमट, ना मनोरे. बोरीबंदर पाहून आलेल्या मराठी माणसाला तर ही एखाद्या खाऊनपिऊन सुखी व्यापाऱ्याची दुमजली कोठीच वाटावी. पण लिव्हरपूलहून निघालेली रेल्वे 15 सप्टेंबर 1830 रोजी इथवर धावली. इतक्या जुन्या काळातलं, अजून उभं असलेलं प्रवासी स्टेशन जगात दुसरं नाही.

उद्घाटनाचा दिवस मात्र वाईट गेला. वाटेत पार्कसाइडला इंजिनं पाण्यासाठी थांबली असताना खासदार विल्यम हस्किसन रुळांवर उतरले आणि ‘रॉकेट’ इंजिनाखाली सापडले, रात्री ते गेले. पंतप्रधान वेलिंग्टन मँचेस्टरला पोचले, तर स्वागताला पाऊस आणि चिडलेल्या कामगारांची हुर्यो!

दर्शनी भिंतीला दारं दोन: एक पहिल्या वर्गाचं, एक दुसऱ्या वर्गाचं. तिकीटघरंही वेगळी. रूळ वरच्या मजल्याच्या पातळीवर, त्यामुळे गाडी गाठायची तर जिना चढायचा, तोही आपापल्या वर्गाचा. माणसांची इतकी काटेकोर वर्गवारी करून शेवटी सगळ्यांना ओढायला इंजिन एकच! भिंतीवर सूर्यघड्याळ आहे. मँचेस्टरच्या आभाळाखाली ते लावणाऱ्याचा आशावाद दांडगाच म्हणायचा.

प्रवाशांचा राबता जेमतेम 14 वर्षं टिकला. 1844 मध्ये गाड्या दुसऱ्या स्टेशनात गेल्या, इथं उरला माल. तेच पथ्यावर पडलं. गर्दीची स्टेशनं पाडून मोठी बांधली जातात. याच्याकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. समोरच्या 1830 च्या गोदामात कापसाच्या गाठी येत. पुढे 1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवीत तिकडचा कापूस आटला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडे डोळे लावले. वऱ्हाडात, खामगावपर्यंत रूळ गेले ते कापसाच्याच ओढीनं.

मालवाहतूकही 1975 मध्ये थांबली. तीन वर्षांनी महानगर परिषदेनं सगळा परिसर एका पौंडात घेतला आणि 15 सप्टेंबर 1983 ला, वाढदिवस साधून, तिथं विज्ञान व उद्योगाचं संग्रहालय उघडलं. मुलांना वाफेची ताकद शिकवायला याहून चांगला वर्ग कुठून आणायचा?

पुढे शहरातल्या दोन मोठ्या स्टेशनांना जोडायला ऑर्डसॉल कॉर्ड हा नवा मार्ग टाकला. 2017 मध्ये तो सुरू झाला. त्याच्या बांधकामात या आवाराचा मुख्य मार्गाशी असलेला सांधा तुटला. आवारात रूळ आहेत, पण लिव्हरपूलची गाडी आता त्यांच्यावरून येऊ शकत नाही.