महाबळेश्वरचा गेरवा आणि निफाडचा गहू

वाईच्या ढोल्या गणपतीला हात जोडून एस.टी. पसरणीच्या घाटाला लागली की खाली कृष्णेचे खोरे हळूहळू उलगडत जाते. ऊस आणि हळदीचे हिरवे तुकडे लहान लहान होत जातात. पाचगणी आली की हवा बदलते, आणि महाबळेश्वरला उतरेपर्यंत अंगावर काहीतरी उबदार घ्यावेसे वाटते. साडेचार हजार फुटांची उंची, पावसाळ्यात दोनशे इंचांवर पाऊस आणि त्यानंतर धुके नि दव. येणारा पाहुणा चार पॉइंट बघतो, वेण्णा तलावात नावेतून फिरतो, स्ट्रॉबेरीची पेटी घेतो आणि घाट उतरतो.

गहू बघायला इथे कोणी येत नाही. पण शेतकऱ्याच्या घरात माहीत असावे असे एक ठिकाण या डोंगरावर आहे. त्याचे नाव गहू गेरवा संशोधन केंद्र. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे हे केंद्र. गेरवा म्हणजे आपण ज्याला तांबेरा म्हणतो तोच. पानावरून बोट फिरवले की गेरूसारखी भुकटी हाताला लागते, म्हणून गेरवा.

तांबेरा ही बुरशी आहे आणि गव्हावर तिचे तीन प्रकार येतात. पिवळा तांबेरा थंडीचा सोबती. तो पंजाब, हरियाणा, हिमाचलकडे त्रास देतो. आपल्याकडची हवा उबदार असल्याने तो इथे बस्तान मांडत नाही. नारिंगी तांबेरा पानांवर येतो. तिसरा काळा तांबेरा. तो खोडावर, पानांच्या देठावर आणि ओंबीवरसुद्धा येतो. आधी विटकरी रंगाचे लांबट फोड उठतात, ते फुटतात आणि शेवटी काळे पडतात. फुटलेल्या फोडांतून झाडाचे पाणी उडून जाते, दाण्याकडे जाणारे अन्न वाटेतच बुरशी खाते, आणि मळणीच्या वेळी खळ्यावर सुरकुतलेला, हलका दाणा हाती येतो. उपणताना तो भुसकटाबरोबर वाऱ्यावर जातो. १९४६-४७ च्या हंगामात मध्य भारतात या काळ्या तांबेऱ्याची मोठी साथ आली होती. पीक उभे दिसत होते, पण ओंबीत दाणा भरलाच नाही.

आता महाबळेश्वरच्या कामातली उलटी गोष्ट ऐका. आपण शेतात रोग येऊ नये म्हणून धडपडतो. इथे रोग मुद्दाम आणला जातो, वाढवला जातो आणि जपला जातो. तांबेऱ्याची बुरशी जिवंत झाडावरच जगते. ती मेलेल्या काडीवर वाढत नाही, बरणीत भरून वर्षानुवर्षे ठेवता येत नाही. म्हणून तिला जगवायचे तर कोवळी गव्हाची रोपे लावायची, त्यांच्यावर ती चढवायची, आणि ती रोपे संपायच्या आत पुन्हा नव्या रोपांवर न्यायची. विरजणासाठी आपण घरात थोडे दही राखून ठेवतो, तसाच हा प्रकार. डोंगरावरची थंड, दमट हवा आणि पानांवर टिकणारे दव या कामाला फार सोयीचे.

हा खटाटोप कशासाठी? तर परीक्षेसाठी. गव्हाचा नवा वाण शेतकऱ्याच्या हाती देण्यापूर्वी तो तांबेऱ्यापुढे उभा राहतो की नाही हे पाहावे लागते. ते नशिबावर सोडून चालत नाही. एखाद्या वर्षी रोग आलाच नाही, तर कच्चा वाणही पक्का वाटेल. म्हणून अशा चाचणीच्या शेतात तपासायच्या वाणांच्या ओळी लावतात आणि त्यांच्या कडेने, मधूनमधून, रोगाला हमखास बळी पडणाऱ्या गव्हाच्या ओळी पेरतात. संध्याकाळी या बळीच्या ओळींवर बीजाणूंचे पाणी फवारतात, काही खोडांत सुईने टोचतात. रात्रीचे दव पुढचे काम करते. आठ-पंधरा दिवसांत फोड उठतात आणि वाऱ्याने रोग साऱ्या शेतावर पसरतो. मग एकेका ओळीची नोंद होते. झाडाचा किती टक्के भाग फोडांनी भरला, फोड मोठे आहेत की बारीक, की फोड न येता नुसता सुकलेला ठिपका पडून बुरशी तिथेच मेली. ज्या ओळीवर ठिपक्यापलीकडे काही झाले नाही, ती उत्तीर्ण.

पण प्रश्न पडतो की हा तांबेरा दर साली येतो कुठून? आपला वैशाखातला उन्हाळा तर बुरशीचे बीजाणू भाजून काढतो. हे कोडे आग्रा कॉलेजातील प्राध्यापक करम चंद मेहता यांनी उलगडले. त्यांनी दाखवले की मैदानात उन्हाळ्यात तांबेरा जगत नाही. तो डोंगरांवर टिकतो आणि तिथून दर साली नव्याने खाली उतरतो. उत्तरेला हिमालय आणि दक्षिणेला निलगिरी व पळणीचे डोंगर, ही त्याची माहेरघरे. हिमाचलात सिमल्याच्या फ्लॉवरडेल येथील केंद्र त्यांच्याच कामातून उभे राहिले. तिथे आजही गव्हाबरोबर सातूच्या म्हणजे बार्लीच्या तांबेऱ्याचाही अभ्यास चालतो. पुढे एस. नागराजन आणि एल. एम. जोशी यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी उपग्रहाच्या ढगांची चित्रे तपासून वाट शोधली. नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात वादळ उठले की निलगिरीकडचे बीजाणू वाऱ्यावर चढून मध्य भारतापर्यंत येतात आणि पावसाच्या थेंबांबरोबर कोवळ्या गव्हावर उतरतात. म्हणजे तामिळनाडूच्या डोंगरावर जे पिकते, त्याचा हिशेब आपल्या रानात होतो. बांधाला कितीही कुंपण घाला, या पाहुण्याला अडवता येत नाही. त्याला अडवायचे ते गव्हाच्या अंगातल्या ताकदीनेच.

ती ताकद गव्हात आणायचे काम पाहायला आता डोंगर उतरून निफाडला जाऊ. हिवाळ्यात वर्तमानपत्रात निफाडच्या थंडीचा आकडा वाचला नाही असा माणूस विरळा. तो आकडा बहुतेक वेळा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राच्या आवारात मोजलेला असतो. नाशिक जिल्ह्यातले गोदावरीकाठचे हे काळे रान, एका बाजूला द्राक्षाचे मांडव, एका बाजूला ऊस, आणि गव्हाला हवी तशी थंडी. त्र्यंबक, तपोवन, गोदावरी, नेत्रावती ही वाणांची नावे तुमच्या ओळखीची असतील. ती याच केंद्राची लेकरे.

या केंद्राच्या जुन्या वाणांत एक नाव आहे, केनफाड. नावातच त्याची कुळकथा आहे. केनियाचा गहू आणि निफाडचा गहू यांचा तो संकर. आफ्रिकेतल्या केनियात काळा तांबेरा इतका जोरात असतो की तिथे जो गहू टिकला तो कणखरच म्हणायचा. त्याची ताकद आपल्या गव्हात आणावी, दाणा मात्र आपल्या माणसांना रुचेल असा राहावा, हा त्या संकराचा हेतू.

संकर करणे म्हणजे काय, हेही समजून घ्यावे. गव्हाच्या फुलात तीन पुंकेसर असतात आणि फूल उघडण्यापूर्वीच त्याचे आपले आपल्यात फलन होते. म्हणून ओंबी कोवळी असताना बारीक चिमट्याने एकेका फुलातले तिन्ही केसर काढून टाकायचे, ओंबीवर कागदी पिशवी चढवायची आणि दोन-चार दिवसांनी दुसऱ्या वाणाचा पराग आणून त्यावर शिंपडायचा. एका ओंबीत मोजकेच दाणे मिळतात. ते पेरायचे, पुढच्या पिढीत हजारो झाडे बघायची, तांबेऱ्याला बळी पडलेली टाकायची, उत्पन्न कमी देणारी टाकायची, चपाती चिवट होणारी टाकायची. असे करता करता आठ-दहा पिढ्या जातात. घरात जन्मलेले पोर शाळेत चौथी-पाचवीला जाते, तेव्हा त्या वर्षी केलेल्या संकरातला वाण शेतकऱ्याच्या हाती येतो.

आणि एवढे करून ही ताकद कायमची नसते. अमेरिकेतील फ्लोर या शास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या चाळिशीत जवसावरच्या तांबेऱ्याचा अभ्यास केला आणि यामागचे गणित मांडले. पिकाच्या अंगातला रोग अडवणारा एकेक गुण म्हणजे एक कुलूप समजा. बुरशीत बदल होत होत कधीतरी त्या कुलपाला लागणारी किल्ली तयार होते. लाखो एकरांवर एकच कुलूप असेल, तर एक किल्ली साऱ्या घरांत शिरते. हरितक्रांतीचा लाडका कल्याणसोना सत्तरीच्या सुरुवातीलाच नारिंगी तांबेऱ्यापुढे हरला. १९९५ मध्ये आलेला पीबीडब्ल्यू ३४३ उत्तरेत घरोघर पोचला आणि पुढे पिवळ्या तांबेऱ्याच्या नव्या जातीने त्यालाच गाठले. आफ्रिकेत युगांडामध्ये १९९८ साली काळ्या तांबेऱ्याची एक नवी जात सापडली. १९९९ मध्ये तिचे वर्णन झाले म्हणून तिला यूजी-९९ म्हणतात. जगभरच्या गव्हांत भरवशाचे मानलेले एक कुलूप तिने उघडले आणि काही वर्षांत ती येमेन, इराणपर्यंत गेली. त्यानंतर भारतातले गव्हाचे वाणही केनियातल्या न्जोरोच्या शेतात नेऊन तपासले जाऊ लागले. ज्या केनियाचा गहू एकदा निफाडला आला, त्याच केनियात आपला गहू परीक्षेला गेला.

मग भक्कम कुलुपे शोधायची कुठे? इथे आपल्या आजीच्या कणगीकडे वळावे लागते. सांगली, सातारा, कोल्हापूरकडे खपली गहू होतो. मळला तरी त्याचा दाणा सालातच राहतो, तो कांडून काढावा लागतो. खीर आणि पुरणपोळीला त्याच्यासारखा दुसरा नाही. उत्पन्न थोडे, काम फार, म्हणून अनेकांनी तो सोडला. पण १९२२ साली अमेरिकेत स्टॅकमन आणि लेव्हिन यांनी काळ्या तांबेऱ्याच्या जाती ओळखण्यासाठी जगभरातून बारा गहू निवडले, त्यांत एक नाव होते खपली. ऑस्ट्रेलियात वॉटरहाउस यांनी खपलीचा तिकडच्या गव्हाशी संकर केला आणि त्या वाणाचे नाव ठेवले खपस्टीन. खपलीतून निघालेली तांबेरा अडवणारी कुलुपे आजही जगभरचे गहू पैदासकार ओळखतात. आपण ज्याला जुनाट म्हणून बाजूला सारले, त्याने परदेशातली शेते राखली. म्हणून गावात कोणी जुना वाण दोन-चार गुंठ्यांत टिकवून असेल, तर त्याला वेड्यात काढू नये. उद्याचे कुलूप तिथेच असायचे.

आता आपल्या रानापुरते बोलू. आपल्याकडे लोकवनचे फार कौतुक. गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारतीत तयार झालेला हा वाण १९८० च्या दशकापासून घराघरांत रुजला. दाणा टपोरा, चमकदार, बाजारात भाव आणि चपाती मऊ. मात्र तांबेऱ्यापुढे तो दुबळा आहे, हे विसरू नये. घरच्या बाईला लोकवनच हवा असेल, तर थोडा लोकवन जरूर पेरा, पण सारे रान त्याच्या हवाली करू नका. बाकी क्षेत्रात तांबेऱ्याला तोंड देणारे दोन तरी वेगळे वाण असू द्या, आणि शेजाऱ्याने काय पेरले आहे तेही बघा. एकाच आळीत साऱ्यांचे कुलूप सारखे नसावे.

बागायती गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरावा. उशिरा पेरलेल्या गव्हाचे दाणे भरतात तेव्हा हवा तापू लागलेली असते आणि काळ्या तांबेऱ्याला तेच हवे असते. युरियाचा मारा करू नये. गरजेपेक्षा हिरवेगार, दाट पीक रोगाला आमंत्रण देते. पोटरीपासून पुढे आठवड्यातून एकदा रानात आडवेतिडवे फिरावे, खालची पाने आणि खोडे बघावीत. पांढरा रुमाल पानांवरून फिरवावा, गेरू लागला तर लगेच कृषी सहायकाला दाखवावे. त्यांच्या सल्ल्याने प्रोपिकोनॅझोलसारखे औषध लिटरला एक मिली या प्रमाणात वेळेवर फवारले, तर पीक वाचते. मात्र फवारणी ही पडत्या घराला दिलेली टेकू. घराचा खांब म्हणजे बियाणे.

बियाणे तीन-चार वर्षांनी बदला असे कृषी खाते सांगते, तेव्हा पुष्कळांना तो दुकानदाराच्या फायद्याचा सल्ला वाटतो. पण डोंगरावर बुरशी नव्या किल्ल्या घडवत असते आणि कुंदेवाडीला कोणीतरी चिमट्याने केसर काढत नवी कुलुपे घडवत असते. ही चढाओढ कोणत्याही एका हंगामात संपणारी नाही. येत्या दिवाळीनंतर पेरणीचे बी काढाल, तेव्हा पोत्यावरचे वाणाचे नाव एकदा वाचा, तो वाण कोणत्या सालचा आणि तांबेऱ्याला कसा याची चौकशी करा, आणि मगच तिफण जुंपा.