गळके पॅकिंग आणि दोन रविवार

2023 साली लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला, नेमके रविवारी आले. आमच्या धर्मग्रामाच्या व्हॅनने इंजिनमधून ऑइल गाळायला सुरुवात केली ती त्याच आठवड्यात. दिवाळीत गॅरेज उघडे मिळत नाही, हे बेळगावात कुणाला सांगायला नको.

ही व्हॅन म्हणजे सात जणांचे पाय. शहापूर, वडगाव, टिळकवाडी असा फेरा मारून आम्ही त्यांना मिस्सेला आणतो. त्यांतल्या एका आजींचे आठवड्यातून घराबाहेर पडणे होते ते एवढेच.

उद्यमबागेकडच्या मिस्त्रींनी शनिवारी दुकान बंद करता करता सीट उचलून पाहिले. टॅपेट कव्हरचे पॅकिंग गेले होते. उष्णतेने रबर कडक होते, चिरते आणि ऑइल कडेने पाझरते. नवे पॅकिंग सणानंतर मिळणार होते. तोवर गाडी चालवायची की उभी करायची?

मिस्त्रींनी रेडिएटरचे पाणी पाहिले, ऑइलचे झाकण उघडून आत बोट फिरवले. तिथे दुधाळ चहासारखा थर असता, पाणी कमी होत असते, काटा चढत असता किंवा सायलेन्सरमधून पांढरा धूर निघत राहिला असता, तर हेड गॅस्केटची शंका. "मग एक किलोमीटर पण नको. ओढून आणा," ते म्हणाले. तशा गाडीत इंजिन तापले की हेडच वाकते.

आमचे तसे नव्हते. "चालवा की, पण बघत चला." रोज सकाळी गाडी सपाट जागी, इंजिन थंड, पट्टी पुसायची, परत घालून बघायची. ऑइल दोन खुणांच्या मधे हवे. त्याच ग्रेडच्या ऑइलचा डबा बरोबर ठेवायचा. जळका वास वाढला किंवा धूर दिसला तर गाडी कडेला घेऊन बंद करायची, सगळ्यांना उतरवायचे, कारण तापलेल्या सायलेन्सरवर ऑइल पडून पेट घेऊ शकते. लाल दिवा लागला तर तिथेच थांबायचे. आणि घाट नाही.

ही शेवटची अट आम्हाला जड गेली. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरच्या सणाची तयारी चालू होती आणि आजींनी चोर्ला घाटाने एकदा जाऊन येऊ म्हणून धरले होते. "देवाच्या दारी निघालोय, देव सांभाळेल," असे आमच्यातलेच काहीजण म्हणाले. आम्हाला ते पटले नाही. मंदिराच्या टोकावर सैतानाने प्रभू येशूला हेच सुचवले होते, आणि प्रभूने उडी मारली नव्हती. जाणे पुढे ढकलले.

त्या रविवारचे शुभवर्तमान दहा कुमारींचे होते. येताना गल्लीगल्लीत पणत्या मांडलेल्या, मागे सीटखाली ऑइलचा डबा! एरवी हा दाखला आम्ही जागे राहण्याचा म्हणून ऐकतो. पण झोप दहाही जणींना लागली होती, शहाण्यांनासुद्धा. फरक होता तो बरोबर आणलेल्या तेलाचा. आम्हा स्वयंसेवकांतही धड कोण आहे? कुणाचा संताप गळतो, कुणाचा उत्साह. म्हणून कुणी फेरा सोडलेला नाही. मात्र काही गळती अशी असते की आधी थांबावे लागते, आणि ती कोणती हे झाकण उघडल्याशिवाय कळत नाही. पापनिवेदनाला आम्ही जातो ते त्यासाठीच.

दुसऱ्या आठवड्यात वेगळीच अडचण आली. डबा ओतला की पट्टीवर ऑइल बरोबर दिसे आणि गाडी बरी झाल्यासारखे वाटे. "नाताळापर्यंत चालेल की," असे सूर निघू लागले. फादरांनी दुरुस्तीची तारीख सूचना फलकावर लावायला सांगितली. त्यावर चर्चा संपली.

19 तारखेचा फेरा आटोपला आणि दुसऱ्याच दिवशी कव्हर उघडले. जुने पॅकिंग हातात बांगडीसारखे मोडले. मिस्त्रींनी खाच पुसून कोरडी केली, नवे पॅकिंग बसवले आणि बोल्ट थोडे थोडे, सारखे आवळले. फार आवळले तर नवेही चेपते, म्हणाले. थोडी चालवून परत दाखवायला सांगितली. दाखवली तेव्हा कडा कोरड्या होत्या.

नोव्हेनाच्या दिवसांत आम्ही चोर्ल्याने गोव्याला निघालो. घाट लागला तशी आजींनी नाकाचा पदर बाजूला केला आणि विचारले, "आज वास येईना झालाय. दुसरी गाडी घेतला काय रे?"