कलकत्त्यात एकटी

“आई, तू एकटी जाणार?” मुलीने फोनवर तीनदा विचारले. तिसऱ्या वेळी ‘एकटी’ या शब्दावर चांगलाच जोर होता. मी सत्तर वर्षांची, मधुमेह चौदा वर्षांचा, उजवा गुडघा कुरकुरणारा. आणि जायचे होते नागपूरहून कलकत्त्याला, सहा दिवसांसाठी. सोबत कोणी नव्हते, कारण मला सोबत कोणी नको होते. हे तिला सांगणे अवघड होते.

कलकत्त्याशी आमचे नाते रेल्वेने जोडले. नागपूर विभाग त्या काळी दक्षिण-पूर्व रेल्वेत होता आणि तिचे मुख्यालय कलकत्त्याच्या गार्डन रीचमध्ये. ह्यांची तेथे बदली झाली आणि १९७६ साली, लग्नानंतर चौथ्याच महिन्यात, भवानीपुरातल्या दोन भाड्याच्या खोल्यांत मी संसार मांडला. संध्याकाळी वीज हमखास जायची. भुयारी रेल्वेसाठी रस्ता उकरलेला, त्यामुळे बाजारात जायचे तरी फळ्यांवरून तोल सांभाळत. पावसाळ्यात त्या खड्ड्यांकडे पाहवत नसे. हे म्हणायचे, “एवढा चिखल तुडवला आहे, तर पहिल्या गाडीत आपणच बसायचं.” १९८२ मध्ये आमची पुन्हा नागपूरला बदली झाली. देशातली ती पहिली भुयारी मेट्रो एस्प्लनेड ते भवानीपूर अशी धावू लागली २४ ऑक्टोबर १९८४ रोजी. आम्ही ती वर्तमानपत्रात पाहिली.

मग जाणे राहूनच गेले. मुलीचे शिक्षण, सासूबाईंचे दीर्घ आजारपण, आणि २०१४ मध्ये ह्यांना कंपवाताचे निदान. पुढची नऊ वर्षे आमच्या घरात एकच घड्याळ चालत होते, ते ह्यांच्या गोळ्यांचे. गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी, तीही ठरल्या वेळीच. पंधरा मिनिटे उशीर झाला तरी हालचाल जड होई. दाराच्या उंबऱ्याशी ह्यांची पावले जमिनीला चिकटल्यासारखी थबकत. फिजिओथेरपिस्टच्या सांगण्यावरून मी फरशीवर रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारल्या होत्या. रेघ दिसली की ती ओलांडायला पाऊल उचलले जाई. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना या रेघांचे मोल सांगायला नको. २०२३ मध्ये हे गेले. रेघा मी अजून काढलेल्या नाहीत.

जाण्याआधी डॉक्टरांना भेटले. त्यांनी अडवले नाही, याचेच मला आश्चर्य वाटले. औषधे हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात नको. गोळ्यांची चिठ्ठी आणि मुलीचा फोन क्रमांक पर्समध्ये ठेवा. ग्लुकोजची पुडी कायम जवळ बाळगा. आणि दोन खाण्यांत फार अंतर पडू देऊ नका, असे त्यांनी बजावले. मी मान डोलावली. नऊ वर्षे डॉक्टरांच्या सूचना लिहून घेण्यात गेलेल्या बाईला ते वेगळे काय सांगणार, असा थोडा गर्वही मनात होताच.

संध्याकाळी नागपूरला गीतांजली एक्स्प्रेस गाठली. प्रौढ स्त्रियांसाठी खालच्या बाकाचा वेगळा कोटा असतो, त्यातून मला जागा मिळाली होती. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मात्र २०२० पासून बंद आहे. ती परत सुरू व्हावी असे माझे मत आहे, आणि ते मी डब्यातल्या सर्वांना ऐकवले. दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा आले. टॅक्सी पुलावर चढली, तेव्हा खाली गंगेचे पाणी दिसले आणि मी चालकाला उगाचच सांगून टाकले, “मी इथे राहत होते.” तो म्हणाला, “तबे तो आपनि बाडी एलेन, माशीमा.” मावशी, मग तुम्ही घरीच आलात. मला माशीमा म्हणणारे हे पहिलेच माणूस. भवानीपूर सोडताना मी सर्वांची ‘बौदी’, म्हणजे वहिनी होते.

हाजरा भागात उतरले होते. जुने घर पाहायला पहिल्याच संध्याकाळी गेले. तिथे आता पाच मजली इमारत आहे. त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

लिहायचे आहे ते तिसऱ्या दिवसाविषयी. त्या दिवशी मला ट्राममधून कॉलेज स्ट्रीटला जायचे होते. कलकत्त्यात ट्राम १८७३ पासून आहे, विजेवर ती १९०२ मध्ये आली. आता मात्र मार्ग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. एस्प्लनेडहून श्यामबाजारकडे जाणारी गाडी चुकू नये म्हणून मी सकाळी आठ वाजता मधुमेहाच्या दोन्ही गोळ्या घेतल्या, चहाबरोबर दोन बिस्किटे खाल्ली आणि निघाले. पुस्तके घ्यायची म्हणून पर्सऐवजी कापडी झोळी घेतली. पाकीट झोळीत टाकले. ग्लुकोजची पुडी आणि चिठ्ठी पर्समध्येच, खोलीवर राहिली.

ट्रामची पायरी मला आठवत होती त्यापेक्षा फूटभर उंच झाली होती! कंडक्टरने हात दिला. खिडकीशी बसले, खडखडत निघाले, आणि तास-दोन तास मी खरोखर बावीस वर्षांची होते. कॉलेज स्ट्रीटच्या पुस्तकांच्या टपऱ्यांमधून हिंडता हिंडता साडेबारा कधी वाजले, कळले नाही.

प्रथम आला तो राग. एका विक्रेत्याने जुन्या शब्दकोशाची किंमत सांगितली आणि मी त्याच्यावर खेकसले. मला न शोभणाऱ्या आवाजात. मग जानेवारीच्या हवेत कपाळावर घाम आला. हातातला शब्दकोश थरथरू लागला, ओठांभोवती मुंग्या आल्या, समोरची बंगाली अक्षरे एकमेकांत मिसळू लागली. क्षणभर वाटले, हृदय. मग नऊ वर्षांच्या शुश्रूषेने शिकवलेले काहीतरी जागे झाले: शेवटचे खाल्ले कधी? आठ वाजता. काय? दोन बिस्किटे. आणि त्यावर गोळी पूर्ण.

ज्याच्यावर ओरडले होते त्याच विक्रेत्याने पुस्तकांचा गठ्ठा उचलून स्टूल मोकळे केले. “माशीमा, बोशून, बोशून.” त्याने आपल्या डब्यातला संदेश पुढे केला. मी नको म्हटले. त्याला वाटले, अजून रागावले आहे. संदेश छेन्याचा असतो. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो आणि त्या घडीला वेळच नसतो. “चिनी, जोल,” एवढेच मला बोलता आले. शेजारच्या चहावाल्याने पेल्यात तीन मोठे चमचे साखर ढवळून आणली. मी ती घोट घोट प्यायले आणि घड्याळाकडे पाहत बसले. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर तेवढीच साखर पुन्हा घ्यायची असते. दहाव्या मिनिटाला अक्षरे आपापल्या जागी परतली. त्यानंतर पोटाला काहीतरी भरीव हवे, नाहीतर साखर पुन्हा घसरते. म्हणून पाव-अंडे मागवले, आणि मग संदेशही खाल्ला. (घरातल्या मंडळींसाठी: हे सारे शुद्धीवर असलेल्या माणसाचे. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काहीही घालू नये. त्याला थेट रुग्णालयात न्यावे.)

विक्रेत्याने पाऊण तास मला हलू दिले नाही. शब्दकोशाचे पैसे त्याने मी ओरडण्याआधी सांगितले होते तेवढेच घेतले. त्यात सूट मागण्याची माझी हिंमत नव्हती.

खोलीवर परतल्यावर साखर तपासली, नागपूरच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी एका गोळीची मात्रा कमी केली आणि नाश्ता झाल्याशिवाय ती घ्यायची नाही असे निक्षून सांगितले. हा बदल माझ्यापुरता. आपली गोळी कोणी आपल्या मनाने कमी करू नये. राहिली मुलगी. रात्री तिचा फोन आला तेव्हा मी ट्रामचे वर्णन केले, पुस्तकांचे केले. बाकीचे गिळले. सांगितले तर ही माझी शेवटची एकटीची यात्रा ठरेल, ही भीती खरी होती.

रात्रभर झोप लागली नाही. ह्यांनी एकदा न्हाणीघरात पडल्याचे माझ्यापासून दोन दिवस लपवले होते, आणि मी केवढी संतापले होते, ते आठवत राहिले.

सकाळी सहाला मीच फोन लावला आणि सगळे सांगितले. झोळीचे, पर्सचे, खेकसण्याचेही. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मी “परत ये” या शब्दांची वाट पाहत होते.

“आई, दोन बिस्किटं का खाल्लीस फक्त?”

“गाडी चुकेल म्हणून. आणि एकटीसाठी काय मागवायचं.”

पुन्हा शांतता. मग ती म्हणाली, “नऊ वर्षं मी रोज फोन करायचे आणि विचारायचे, बाबांनी काय खाल्लं. तुला कधी विचारलं गं मी?”

मला उत्तर देता आले नाही. खरे म्हणजे मलाही ते तेव्हाच कळत होते. ह्यांना भरवून झाल्यावर ओट्याशी उभ्याने, जे उरेल ते, जमेल तेव्हा, असे मी नऊ वर्षे जेवत होते. ह्यांचे घड्याळ थांबले, आणि माझे स्वतःचे असे कधी लावलेच नव्हते.

ती परत ये म्हणाली नाही. “पर्स घे. आणि नाश्त्याचा फोटो पाठव,” म्हणाली.

मी लुची आणि बटाट्याची भाजी मागवली, फोटो पाठवला, सावकाश बसून खाल्ले आणि मग गोळी घेतली. पर्स खांद्याला लावून जतीन दास पार्क स्थानकाचा जिना कठड्याला धरून उतरले. ज्या रस्त्याच्या चिखलातून मी पिशव्या नेल्या, त्याच्याच पोटातून गाडी धावत होती. पुढचे स्थानक भवानीपूर. त्याचे नाव आता नेताजी भवन आहे. एस्प्लनेडला गाडी बदलली. २०२४ च्या मार्चपासून मेट्रो हुगळीच्या खालून हावड्याला जाते. फलाटाच्या कडेला पिवळा पट्टा होता. तो ओलांडायला पाऊल उचलताना मी नेहमीच्या सवयीने उजवा हात मागे केला, कोणाला तरी आधार द्यावा तसा.

“माशीमा, मैं पकड़ूँ?” मागच्या मुलीने विचारले. गळ्यात महाविद्यालयाचे ओळखपत्र होते.

“पकड,” मी मराठीतच म्हटले.

नदीखालचा बोगदा पाचशेवीस मीटरचा आहे, गाडी तो पंचेचाळीस सेकंदांत पार करते. बाहेर निळे दिवे लागले की समजावे, वर पाणी आहे. मुलीने मोबाइल काढला. मी खिडकीला नाक लावून बसले. दिवे संपल्यावर तिने विचारले, कसे वाटले. मी म्हटले, परत एकदा जाऊ या का? तिला वर्गाला उशीर होत होता. मग मी एकटीच परतीच्या गाडीत बसले.