पदकावर नाव नसतं

१९२८ ते १९६८ या काळात उन्हाळी ऑलिंपिकच्या पदकांचा मूळ साचा एकच होता. इटालियन शिल्पकार ज्युसेप्पे कॅसिओली यांच्या या रचनेत एका बाजूला विजयदेवता नायकी बसलेली आहे, मागे कलोसियम. दुसऱ्या बाजूला जमावाने खांद्यावर घेतलेला विजेता. तो विजेता कुणीही असू शकतो. १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीगीर खाशाबा जाधवांना मिळालेलं कांस्यपदक आणि त्याच स्पर्धेतलं दुसऱ्या कुणाचं कांस्यपदक, दोन्हींचा ठसा एकच. म्हणून मला वाटतं, जुन्या ऑलिंपिक वस्तू जमवणाऱ्याने सगळ्यात आधी वस्तू आणि माणूस यांची गाठ जपावी. खाशाबांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. त्या व्यवहाराचा एखादा कागद कुणाकडे निघाला, तर बाजारात त्याला फारसं कुणी विचारणार नाही. मी मात्र तो पदकाच्या शेजारी ठेवीन, कारण ते पदक गोळेश्वरच्या या पैलवानाचं कसं झालं, हे तो कागदच सांगतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे: वस्तूमागच्या गोष्टीला किंमत आली की खोट्या गोष्टी रचल्या जातात. अमेरिकन धावपटू जेसी ओवेन्स यांचं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमधलं एक सुवर्णपदक २०१३ च्या लिलावात साडेचौदा लाख डॉलरच्या वर गेलं. १९१२ नंतरची सुवर्णपदकं म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली चांदी. बाकी सगळी किंमत नावाची. पण म्हणूनच गोष्टीची उलटतपासणी हवी. ओवेन्स यांनी ते पदक नर्तक बिल रॉबिन्सन यांना दिलं होतं आणि ते त्यांच्याच घरातून लिलावात आलं. मधली साखळी छोटी, तपासता येण्याजोगी. कधी वस्तूच साक्ष देते. त्याच बर्लिनमध्ये बांबूउडीत जपानचे शुहेई निशिदा दुसरे आणि सुएओ ओए तिसरे आले. मायदेशी परतल्यावर दोघांनी आपापली पदकं मधोमध कापून घेतली आणि अर्धं रुपं, अर्धं कांसं असे दोन नवे तुकडे जोडून घेतले. तो सांधा डोळ्यांनी दिसतो. कॅसिओलीच्या साच्यात नसलेलं मैत्र त्यात आहे.

दुसरा आक्षेप असा, की हा ठेवा खासगी कपाटात नको, संस्थेत हवा. तत्त्व मला मान्य आहे, अनुभव मात्र सावध करतो. हॉकीपटू बलबीर सिंग सीनियर यांनी १९८५ मध्ये आपली पदकं, छायाचित्रं आणि मेलबर्न ऑलिंपिकचा ब्लेझर संग्रहालयासाठी भारतीय क्रीडा प्राधिकरणाकडे सोपवला. २०२० मध्ये ते गेले तोवर त्यांना तो ठेवा परत मिळाला नव्हता. उलट पहिल्या ऑलिंपिक मॅरेथॉनचे विजेते स्पिरिदोन लुईस यांचा १८९६ चा चांदीचा चषक २०१२ मध्ये लंडनच्या लिलावात गेला, एका ग्रीक प्रतिष्ठानाने घेतला आणि लोकांना पाहायला खुला केला. घर की संस्था, यापेक्षा नोंद राहते की नाही हे मला मोठं वाटतं. वस्तू दान द्या किंवा विका. सोबत छायाचित्रांसह यादी द्या, कुणाकडून कुणाकडे गेली ते लिहा, सही-शिक्क्याची पोच घ्या आणि त्या सगळ्याची एक प्रत खेळाडूच्या घरी राहू द्या.